विश्लेषण : वायफायचा माग जगदीशचंद्र बोस यांच्या प्रयोगशाळेपर्यंत कसा पोहोचतो?

वायफायचा शोध आचार्य जगदीशचंद्र बोस यांनी लावला, असा संदेश समाजमाध्यमांवर अधूनमधून फिरत असतो. अभिमान वाटावा असा हा दावा आहे, पण तो बरोबर नाही. वायफाय बोस यांच्या मृत्यूनंतर सहा दशकांनी आले. मात्र ज्या आखूड रेडिओलहरींवर ते चालते, त्या लहरी तयार करणे, वळवणे आणि पकडणे ही कामे कलकत्त्यातल्या एका चिंचोळ्या खोलीत बोस यांनी १८९० च्या दशकात करून दाखवली होती. या लहरींचे गुण आणि खोड समजली, की घरातल्या एका खोलीत वायफाय जोरात आणि दुसऱ्या खोलीत मंद का, चालता चालता फोन एका राउटरवरून दुसऱ्यावर कसा जातो, हेही समजते.

बोस यांची जडणघडण कशी झाली?

३० नोव्हेंबर १८५८ रोजी मयमनसिंह येथे, म्हणजे आजच्या बांगलादेशात, जगदीशचंद्रांचा जन्म झाला. वडील भगवानचंद्र सरकारी अधिकारी आणि ब्राह्मो समाजाचे अनुयायी होते. त्या काळी हुद्द्यावरच्या माणसाच्या मुलाने इंग्रजी शाळेत जाणे ही रीत. भगवानचंद्रांनी मुलाला आधी बंगाली शाळेत घातले. शेजारच्या जागेवर घरातल्या मुसलमान चपराशाचा मुलगा, दुसऱ्या बाजूला कोळ्याचा मुलगा. त्यांच्याकडून ऐकलेल्या पशुपक्ष्यांच्या आणि जलचरांच्या गोष्टींनी निसर्गाची ओढ लागली, असे बोस पुढे सांगत.

नंतर कलकत्त्यातले सेंट झेवियर्स. तिथे फादर लाफाँ हे भौतिकशास्त्र प्रयोगांतून शिकवत. १८८० मध्ये बोस वैद्यकीय शिक्षणासाठी लंडनला गेले, पण सततच्या तापाने त्यांना ते सोडावे लागले. मग केंब्रिजच्या ख्राइस्ट्स कॉलेजमध्ये त्यांनी निसर्गविज्ञान घेतले. लॉर्ड रॅले हे तिथले त्यांचे शिक्षक. केंब्रिज आणि लंडन अशा दोन विद्यापीठांच्या पदव्या घेऊन ते परतले आणि १८८५ मध्ये कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवू लागले.

पगाराचा वाद काय होता?

नेमणूक झाली, पण बरोबरीने नव्हे. युरोपीय प्राध्यापकाच्या तुलनेत भारतीय प्राध्यापकाला दोन-तृतीयांश पगार मिळे. बोस यांची नेमणूक हंगामी असल्याने त्याचाही निम्मा, म्हणजे शेवटी एक-तृतीयांश हाती येणार होता. बोस यांनी काम स्वीकारले आणि पगार नाकारला. तीन वर्षे ते रोज शिकवत राहिले, पण पगाराला हात लावला नाही. त्याच काळात वडिलांचे उद्योग बुडाल्याने डोक्यावर कर्ज होते आणि १८८७ मध्ये अबला दास यांच्याशी लग्नही झाले होते.

अखेर सरकार नमले. नेमणूक कायम झाली आणि मागच्या तीन वर्षांचा पूर्ण पगार एकरकमी मिळाला. ती रक्कम कर्ज फेडण्याकडे वळली. संशोधनासाठी मात्र कॉलेजात ना पैसा होता ना जागा.

लहरींकडे ते कसे वळले?

जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८६० च्या दशकात गणिताने दाखवले होते, की प्रकाश ही विद्युतचुंबकीय लहर आहे आणि तशाच, पण डोळ्यांना न दिसणाऱ्या लांब लहरीही असू शकतात. जर्मनीत हाइनरिश हर्ट्झ यांनी १८८० च्या दशकाच्या अखेरीस त्या प्रत्यक्ष निर्माण केल्या. १ जानेवारी १८९४ रोजी, वयाच्या अवघ्या ३६ व्या वर्षी हर्ट्झ गेले. त्यांच्या कामावर ब्रिटिश शास्त्रज्ञ ऑलिव्हर लॉज यांनी केलेले विवेचन बोस यांच्या वाचनात आले. त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला बोस यांना ३६ वर्षे पूर्ण झाली आणि उरलेले आयुष्य संशोधनाला द्यायचे, असे त्यांनी ठरवले.

प्रयोगशाळा म्हणजे कॉलेजातली २४ चौरस फुटांची बंदिस्त जागा. आजच्या फ्लॅटमधले न्हाणीघरही याहून मोठे असते. उपकरणे बनवायला स्थानिक पत्राकारागीर.

आखूड लहरीच का निवडल्या?

लहरीची लांबी म्हणजे एका शिखरापासून पुढच्या शिखरापर्यंतचे अंतर. दर सेकंदाला किती लहरी जातात, ती वारंवारता. लांबी कमी झाली की वारंवारता वाढते. हर्ट्झ यांच्या प्रयोगांतल्या लहरी सुमारे ६६ सेंटिमीटर लांबीच्या होत्या. लहर लांब असली, की ती वाकवायला लोलक आणि आरसेही तेवढेच अवाढव्य लागतात. हर्ट्झ यांचा डांबरी पदार्थाचा लोलक शेकडो किलोंचा होता. चोवीस चौरस फुटांत तसले काही मावणार नव्हते.

बोस यांनी लहरच लहान केली. धातूच्या छोट्या गोळ्यांमध्ये ठिणगी पाडून त्यांनी अडीच सेंटिमीटरपासून पाच मिलिमीटरपर्यंतच्या लहरी मिळवल्या. आजच्या भाषेत १२ ते ६० गिगाहर्ट्झ. सगळे उपकरण आता टेबलावर मावू लागले. लहरींना दिशा देण्यासाठी पोकळ धातूची नळी, त्यांना गोळा करण्यासाठी नरसाळ्यासारखे तोंड, त्या एकवटण्यासाठी भिंग, अशी साधने त्यांनी बनवली. उपग्रह आणि रडार यंत्रणांत आज सर्रास दिसणाऱ्या वेव्हगाइड आणि हॉर्न अँटेना यांची ही सुरुवातीची रूपे.

लहर उभी डोलते की आडवी, याला ध्रुवीकरण म्हणतात. ते तपासायला बोस यांनी ‘ब्रॅडशॉ’ हे रेल्वे वेळापत्रकाचे पुस्तक घेतले आणि त्याच्या पानापानांत कथलाचा वर्ख घातला. पुस्तक एका बाजूने धरले की लहर पार जाई, ते फिरवले की अडे. पिळलेल्या तागाच्या जुड्याही त्यांनी अशाच कामाला लावल्या. हाच गुण आजच्या राउटरवरही लागू होतो. दोन हलते अँटेना असतील तर एक उभा आणि एक आडवा ठेवण्याचा सल्ला त्यामुळेच दिला जातो. हातातला फोन कसाही धरला, तरी एका तरी अँटेनाशी त्याचा मेळ बसावा, हा हेतू. मे १८९५ मध्ये बंगालच्या एशियाटिक सोसायटीपुढे बोस यांनी वाचलेला पहिला शोधनिबंध ध्रुवीकरणावरच होता.

टाउन हॉलमध्ये लोकांनी काय पाहिले?

१८९५ च्या सुमारास कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये बोस यांनी जाहीर प्रात्यक्षिक केले. मध्ये भिंती होत्या, अंतर सुमारे ७५ फूट, तार कुठेच नाही. तरीही पलीकडची घंटा वाजली आणि दारूगोळ्याचा छोटा बार उडाला.

लहर ओळखण्यासाठी तेव्हा ‘कोहेरर’ वापरत. त्यात धातूचे कण सैल भरलेले असत. लहर आली की ते एकमेकांना धरत आणि त्यांतून वीज वाहू लागे. पुढची लहर ओळखण्यासाठी टिचकी मारून त्यांना पुन्हा सैल करावे लागे. बोस यांनी या साधनात बरीच सुधारणा केली.

इथे एक मुद्दा लक्षात ठेवण्याजोगा आहे. भिंत लहरीला दुबळी करते, तरी थोडी लहर पलीकडे निसटते. घंटा वाजवायला त्या निसटलेल्या लहरीचा एक झटका पुरतो. व्हिडिओ कॉलला मात्र सेकंदाला लाखो संकेत न चुकता पोहोचावे लागतात. म्हणून फोनवर वायफायच्या दोन काड्या दिसत असूनही चित्र अडकते.

मार्कोनी यांची वाट वेगळी कशी?

१८९६ मध्ये लंडन विद्यापीठाने बोस यांना डीएस्सी दिली. त्यांनी लिव्हरपूलला ब्रिटिश असोसिएशनपुढे आणि २९ जानेवारी १८९७ रोजी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये आपली उपकरणे दाखवली. त्याच सुमारास तरुण गुल्येल्मो मार्कोनी लंडनमध्येच बिनतारी तारयंत्राचे पेटंट मिळवण्याच्या खटपटीत होते.

दोघांचे प्रश्न निराळे होते. बोस यांना लहर प्रकाशासारखी वागते का, हे पाहायचे होते. मार्कोनी यांना संदेश दूर पाठवायचा होता. दूर जाण्यासाठी लांब लहर सोयीची. ती अडथळ्यांना वळसा घालते आणि वातावरणाच्या वरच्या थरावरून परततेही. डिसेंबर १९०१ मध्ये मार्कोनी यांनी अटलांटिकपलीकडून आलेला संकेत पकडल्याचे जाहीर केले. तेव्हा वापरलेला पाऱ्याचा ग्राहक इटालियन नौदलाकडून आला होता. तशाच लोखंड-पारा रचनेचे वर्णन बोस यांनी १८९९ मध्ये रॉयल सोसायटीपुढे केले होते. मार्कोनी यांच्या ग्राहकाचे मूळ तिथेच आहे, अशी मांडणी १९९८ मध्ये आयईईई या अभियंत्यांच्या जागतिक संस्थेच्या नियतकालिकात झाली. १९०९ चे नोबेल मात्र मार्कोनी आणि कार्ल फर्डिनांड ब्राउन यांना मिळाले.

पेटंट घ्यायला बोस का तयार नव्हते?

१९०१ मध्ये लंडनमध्ये एका तार कंपनीच्या मालकाने नव्या ग्राहकाचे पेटंट घेऊन नफा वाटून घेण्याचा प्रस्ताव ठेवला. बोस यांनी तो नाकारला आणि पैशाच्या या हावेबद्दलची नाराजी रवींद्रनाथ टागोरांना पत्राने कळवली. ज्ञान सर्वांचे, ही त्यांची धारणा पक्की होती. तरी भगिनी निवेदिता आणि अमेरिकेतील सारा बुल यांनी आग्रह धरला. त्यातून अमेरिकेत अर्ज झाला आणि २९ मार्च १९०४ रोजी ७,५५,८४० क्रमांकाचे पेटंट मिळाले. गॅलेना, म्हणजे शिशाच्या खनिजाचा स्फटिक वापरून लहर ओळखणारे ते साधन होते. बोस यांनी त्यातून कधीच पैसा कमावला नाही, पेटंटची मुदत तशीच संपू दिली.

गॅलेना हा अर्धवाहक. पुढे ट्रान्झिस्टरच्या शोधाबद्दल नोबेल मिळवणारे वॉल्टर ब्रॅटन यांनी अर्धवाहक संशोधनाचा इतिहास लिहिताना, रेडिओलहर पकडण्यासाठी असा स्फटिक प्रथम वापरल्याचे श्रेय बोस यांना दिले. आजचा प्रत्येक फोन आणि राउटर अर्धवाहकांवरच चालतो.

मग वायफाय कोणी आणले?

ते कोणा एकाचे नाही. १९७१ मध्ये हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन यांच्या चमूने बेटांवरचे संगणक रेडिओने जोडले. एकच वाहिनी अनेकांनी कशी वाटून घ्यावी, याचा तो पहिला मोठा धडा. १९८५ मध्ये अमेरिकेने २.४ गिगाहर्ट्झसह काही पट्टे विनापरवाना वापरासाठी खुले केले. नेदरलँड्समधल्या अभियंत्यांनी त्यावर दुकानांतली गल्लायंत्रे जोडण्याचे काम केले. ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ संस्थेने भिंतींवरून आपटून येणाऱ्या प्रतिध्वनींचा गोंधळ दूर करण्याचे तंत्र दिले. १९९७ मध्ये आयईईईने ८०२.११ हे मानक जाहीर केले. तेव्हाचा कमाल वेग सेकंदाला दोन मेगाबिट होता.

या सगळ्यांनी मार्कोनी यांची लांब लहर सोडून आखूड लहर घेतली. २.४ गिगाहर्ट्झची लहर साडेबारा सेंटिमीटरची, ५ गिगाहर्ट्झची सुमारे सहा सेंटिमीटरची. वरच्या पट्ट्यांत जागा जास्त मोकळी असते आणि जागा रुंद तेवढी माहिती अधिक. शिवाय अँटेना इतका लहान होतो, की तो फोनच्या कडेत मावतो.

आखूड लहरीची किंमत काय?

ती लांब पोहोचत नाही. विटांची भिंत, काँक्रीटचा स्लॅब, पाण्याची टाकी, माणसांची गर्दी, सगळे तिचा जोर शोषतात. २.४ त्यातल्या त्यात भिंतीपलीकडे जाते, ५ लवकर थकते. त्यामुळे रुग्णालय, महाविद्यालय किंवा रेल्वे स्थानक एका यंत्राने भागत नाही. छतावर ठरावीक अंतराने पांढऱ्या चकत्या दिसतात, ते ॲक्सेस पॉइंट. सगळ्यांवर नाव एकच, पासवर्ड एकच, मागून सगळे तारेने एकाच नेटवर्कला जोडलेले. फोन एकाचा हात सोडून दुसऱ्याचा धरतो, याला रोमिंग म्हणतात.

प्रत्येक ॲक्सेस पॉइंट सेकंदाला सुमारे दहा वेळा आपले नाव आणि क्षमता पुकारतो. फोन ती पुकार किती जोरात ऐकू येते, हे मोजत राहतो. हे माप डीबीएम एककात, उणे आकड्यांत असते. उणे ४० म्हणजे उत्तम, उणे ७० च्या खाली घसरले की फोन दुसरा पर्याय शोधू लागतो. दुसरा पुरेसा सरस सापडला, तर त्याला आपली ओळख देतो, जोडणी हलवण्याची विनंती करतो आणि दोघे मिळून गुप्त किल्ल्या ठरवतात. मग मागचे स्विच नोंद बदलते, की या फोनची माहिती यापुढे या दाराने पाठवायची. फोनचा आयपी पत्ता तोच राहतो, म्हणून चालू कॉल तुटत नाही.

मोबाइल नेटवर्कमध्ये टॉवर कधी बदलायचा, हे कंपनीची यंत्रणा ठरवते. वायफायमध्ये तो निर्णय फोनचा असतो. म्हणूनच डोक्यावर नवा ॲक्सेस पॉइंट असतानाही काही फोन मागच्या खोलीतल्या जुन्याला चिकटून राहतात. कार्यालयात मध्यवर्ती सर्व्हरवर ओळख पुन्हा तपासली जात असेल, तर बदलताना आवाज तुटतो. त्यावर उपाय म्हणून २००८ मध्ये दोन जोड-मानके आली. ८०२.११के शेजारच्या ॲक्सेस पॉइंटची यादी आधीच देते आणि ८०२.११आर किल्ल्यांची तयारी करून ठेवते. २०११ च्या ८०२.११व्ही मुळे नेटवर्क फोनला जागा बदलण्याची सूचना करू शकते. सूचना मानायची की नाही, हे तरीही फोनच ठरवतो.

घरात याचा उपयोग काय?

दोन राउटर असतील तर दोन्हींचे नाव, पासवर्ड आणि सुरक्षा पद्धत एकच ठेवावी. पत्ते वाटण्याचे काम एकाकडेच असावे. दोन्ही पत्ते वाटू लागले, तर खोली बदलताच पत्ता बदलतो आणि कॉल तुटतो. दुसऱ्या राउटरला म्हणूनच ॲक्सेस पॉइंट मोडवर टाकतात. २.४ गिगाहर्ट्झवर शेजारच्या यंत्रांना १, ६ आणि ११ यांपैकी वेगवेगळ्या वाहिन्या द्याव्यात. प्रक्षेपणाची ताकद कमाल ठेवणे नेहमीच हिताचे नसते. राउटरचा आवाज दूरवर पोहोचला, तरी फोनचा क्षीण आवाज परत पोहोचत नाही, आणि फोन मात्र त्याच राउटरला धरून बसतो.

बोस यांची पुढची वर्षे कशी गेली?

विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांचे लक्ष वनस्पतींकडे वळले. रोपांची सूक्ष्म वाढ हजारो पटींनी मोठी करून दाखवणारे क्रेस्कोग्राफ हे यंत्र त्यांनी बनवले. सजीव आणि निर्जीवांच्या प्रतिसादांत साम्य असल्याच्या त्यांच्या मांडणीवर युरोपात टीका झाली. १९१७ मध्ये त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला. त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला, आपल्या वाढदिवशी, त्यांनी कलकत्त्यात बोस इन्स्टिट्यूट उभारले. तिथल्या शोधांवर कोणाची मालकी नसेल, पेटंट घेतले जाणार नाही, हे उद्घाटनाच्या दिवशीच जाहीर केले. १९२० मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. २३ नोव्हेंबर १९३७ रोजी, एकोणऐंशी वर्षे पूर्ण व्हायला आठवडा उरला असताना, आज झारखंडमध्ये असलेल्या गिरिडीह येथे त्यांचे निधन झाले.

श्रेय नेमके किती?

वायफायचे मानक, एकच वाहिनी अनेकांनी वाटून घेण्याचे नियम, रोमिंगची रीत, यांपैकी काही बोस यांचे नाही. मिलिमीटर लांबीच्या लहरी हाताळण्याची आद्य साधने आणि अर्धवाहकाने लहर ओळखणे, हे मात्र त्यांचे आहे. २०१२ मध्ये आयईईईने कोलकात्यातल्या १८९४ ते ९६ च्या त्यांच्या प्रयोगांना मैलाचा दगड म्हणून मान्यता दिली. त्याच वर्षाच्या अखेरीस याच संस्थेने ८०२.११एडी हे नवे मानक प्रसिद्ध केले. ते ६० गिगाहर्ट्झवर, म्हणजे बोस यांच्या पाच मिलिमीटरच्या लहरीवर चालते आणि सेकंदाला सुमारे सात गिगाबिटपर्यंत वेग देऊ शकते. या पट्ट्यात हवेतला ऑक्सिजनही लहर शोषतो आणि मध्ये माणूस उभा राहिला तरी जोडणी अडखळते. म्हणून त्याचा आवाका साधारण एका खोलीपुरता राहतो.